परसरामची मेलपारख

ऐका लेकहो, माह्यावर कसा आळ आला ते. रामपायलीचा माहा साळा परसराम घामाघूम होऊन फोन दाखवाले आला. बँकेच्या नावानं मेल होता: 'तुमच्या खात्यात कोणीतरी घुसलं आहे. लिंक दाबून पासवर्ड टाका, नाहीतर खातं बंद.'

"भाऊजी, हे असली हाय का नकली?"

पाठवणाऱ्याचा पत्ता पाह्यला, तं बँकेचं नावच नाही, नुसते आकडे. साफ ठगी! पण जनमभर मी त्याले फसवलं. नकली म्हटलं असतं, तं हा शहाणा उलटं समजून लिंक दाबणारच होता.

"एकदम असली हाय, दाब पटकन!"

त्यानं झटक्यात मेल उडवला. "मले येडा समजता का, भाऊजी?"

आता लग्नाच्या पंगतीत सांगत फिरते, "भाऊजी बुडवूनच राह्यलते मले, आपल्या अक्कलनं वाचलो."

हौ बाबू, तुह्याच अक्कलनं!