भाच्याने सोडलेला सॅमन

हे बघा, आमच्या हरणी भागातल्या गुजराती सोसायटीत कोणी मासे खात नाही. म्हणजे आम्ही खातो, पण खिडक्या लावून आणि उदबत्त्या पेटवून.

परवा भाचा स्कॉटलंडहून आला, म्हणून बायकोने पापलेट तळायला घेतलं. आणि नेमके सोसायटीचे प्रमुख जयंतीभाई दारात! त्यांना तिथेच थोपवायला मी मोबाईलवर हाताला लागला तो व्हिडिओ लावला. त्यात भाचा हातभर लांबीचा सॅमन मासा अलगद नदीत सोडत होता.

जयंतीभाईंचे डोळे पाणावले. "वाह! केवढी जीवदया! रविवारी याचा सत्कार करू."

भाचा पडला प्रामाणिक. "अहो, आधी मीच गळ टाकून पकडला. नदीतले सॅमन कमी झालेत, म्हणून सोडावाच लागतो."

मी कपाळाला हात लावला. जयंतीभाईंनी मात्र विचार केला आणि मान डोलावली. "वात तो साची छे, खरी गोष्ट. पकडलाच नाही, तर वाचवणार कसा?"

मी सुटकेचा श्वास सोडला. जयंतीभाईंनी एक खोल श्वास आत घेतला, मग आणखी एक.

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "आत भाभी कोणाला वाचवतायत?"