एक टोला उघडा, एक टोला झाकलेला

सगळ्यात आधी कोण आलं, यावरून आज दारातच वाद झाला. तो आधी सांगते आणि मग मानाचं बोलते. मेव्हिस म्हणते, हॉलचं कुलूप तिनं उघडलं, म्हणजे पहिली ती. टेड म्हणतो, तो त्याच्याही आधीपासून बाहेर लॉरीत बसून होता, म्हणजे पहिला तो.

"लॉरीत बसणं म्हणजे येणं नव्हे," मेव्हिस म्हणाली.

"आणि कुलूप उघडणं म्हणजे येणं होय? कुलूप तर चोरही उघडतो."

दोघांच्या हातात प्लमब्रेड, आपला तो मनुकांचा गोड पाव. पदार्थ एकच, पण तो आता टेबलाच्या दोन टोकांना मांडलेला तुम्हाला दिसतोय. मी दोन्हीकडचा खाल्ला. चीज मात्र टेडच्या बाजूला आहे, हे येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

असो. आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या ग्रामसभेचे प्रमुख माननीय श्री. हॅरल्ड पिंचबेक, व्यासपीठावर बसलेल्या आपल्या पाद्रीबाई हिलरी, आजचे सत्कारमूर्ती, आपल्या चर्चच्या घंटावादकांचे म्होरके श्री. विल्फ डॉबर, त्यांच्या सौभाग्यवती ऑड्री, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे रेडिएटरला टेकून उभे असलेले माझे सर्व गावकरी. आपणा सर्वांना विनीचा नमस्कार.

मला बोलायला उभं का केलं, हे कुणालाच ठाऊक नाही. माझी शाळा बटाट्याच्या काढणीत सुटली ती सुटलीच. पण पाद्रीबाई म्हणाल्या, "विनी, तुम्ही विल्फच्या शेजारी उभ्या राहून इतकी वर्षं दोरी ओढलीत, तुम्हीच बोला." आता दोरी ओढणं वेगळं आणि तोंड वाजवणं वेगळं, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात माझी नात टॅम्सिन म्हणाली, "नॅना, तुला दोन्ही सारखंच येतं." ती बघा, खिडकीशी बसलीय, मांडीवर बाळ घेऊन. माझं पणतवंड. आज सकाळी माझ्याकडे बघून हसलं. टॅम्सिन म्हणते पोटात वारा धरला असेल. धरू दे, वारा धरला तरी हसलं ते माझ्याकडेच बघून.

तर विल्फ. विल्फ आता वर स्कॉटलंडात, डंडीला मुलीकडे राहायला चाललाय. गुडघे गेले, त्याला इलाज नाही. तिकडे आपल्यासारख्या दोरीच्या घंटा फारशा नाहीत म्हणतात. मग हा माणूस रविवारी सकाळी तिथे करणार काय? ऑड्री म्हणते, भांडी घासेल. बघू या.

विल्फनं आम्हाला काय शिकवलं, हे भाषणात सांगायची रीत आहे. पण त्यानं शिकवलं असं काही सांगता येत नाही. तो फारसं बोलतच नाही. त्यापेक्षा मी तुम्हाला गेल्या वर्षीच्या जूनची गोष्ट सांगते. निम्म्यांना ती ठाऊक आहे, उरलेल्या निम्म्यांना चुकीची ठाऊक आहे.

आपल्या मनोऱ्यात घंटा सहा आणि आम्ही वाजवणारेही सहाच. सगळ्यात लहान घंटा माझी, सगळ्यात मोठी विल्फची. मधे टेड, मेव्हिस, कॉलिन आणि कॉलिनची बायको जून. कॉलिन आणि जून बोलत नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पण सहातला एक जरी कमी पडला, तरी नवरा-नवरी बाहेर पडताना वाजते तशी पुरी वाजवण होत नाही, हे तुम्ही जाणता. माझी आई त्या सहा घंटांवर लग्न करून बाहेर पडली, मी पडले, माझी मुलगी पडली. आणि गेल्या जूनच्या शेवटच्या शनिवारी टॅम्सिनची पाळी होती.

आणि त्याच आठवड्यात देशानं आम्हाला विचारलं, युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं? दुसरा आठवडा मिळाला नाही त्यांना.

तेव्हाचे आमचे सरावाचे मंगळवार आठवले की अजून कान दुखतात. मनोऱ्यात जुनी फळी आहे ना, टोपी घालून किंवा बुटांना घोडेस्वाराच्या काटेरी टाचा लावून दोरीला हात लावील त्याला दंड? विल्फनं तिच्याखाली खडूनं लिहिलं, 'मतदानाचं नाव काढील त्यानं सगळ्यांचा चहा करायचा.' झालं, त्या उन्हाळ्यात टेड आणि मेव्हिसच्या हातचा जेवढा चहा प्यायलो, तेवढा जन्मात प्यायलो नव्हतो.

टेड म्हणायचा, "आपले कायदे आपण करावेत. दूर बसलेल्या माणसाला आपल्या बांधावरचं पाणी कळतं का?"

मेव्हिस म्हणायची, "लंडनमध्ये बसलेल्याला तरी कुठे कळतं? आणि शेतातला कोबी कोण कापणार रे, युरोपातून आलेली पोरं परत गेल्यावर? तू जाणार पहाटे?"

"मी गेलोय पहाटे! माझी आई गेलीय. तेव्हा त्या कामाचं माणसासारखं मोल मिळायचं, मेव्हिस. आता मिळतं?"

"म्हणजे मोल देणारा मालक सुटला आणि दोष कापणाऱ्याला?"

"मी कापणाऱ्याला एक शब्द बोललो नाही. माझ्या लॉरीवर माल चढवतात ती पोरं. जेवतो मी त्यांच्याबरोबर."

"मग त्यांना घालवतोस कशाला?"

"मी त्यांना घालवत नाहीये गं बाई! मी मला विचारा म्हणतोय. एकदा तरी मला विचारा!"

"आता विचारतायत की. आणि मलाही विचारतायत. एकट्यानं उभं राहायची हौस तुला, आणि थंडी वाजणार माझ्या नातवंडांना."

मला दोघांचंही पटायचं. चहा संपेपर्यंत टेडचं आणि घरी पोचेपर्यंत मेव्हिसचं. विल्फ दोरीचं टोक हातात घेऊन उभा असायचा. त्यानं मत कुणाला दिलं? आजतागायत कुणाला माहीत नाही. ऑड्री, तुला माहीत आहे? बघा, मान हलवतेय. एवढा संसार झाला, तरी नाही.

मतदान याच हॉलमध्ये झालं. टेडनं घरून पेन आणलं होतं, म्हणे इथल्या पेन्सिलीनं केलेली खूण मागून पुसतात. दारात मेव्हिस भेटली, तर तेच पेन तिच्यापुढे धरून म्हणाला, "घे. तुझंही पुसायला नको." ही गोष्ट टेडनं कधी सांगितली नाही आणि मेव्हिसनं तर नाहीच नाही. मी मागे उभी होते.

शुक्रवारी सकाळी कळलं, बाहेर पडायचं ठरलं. टेड दुपारीच विल्फच्या दारात. "संध्याकाळी घंटा वाजवायच्या! एवढा दिवस उगवला, आणि मनोरा मुका?" तो जातो न जातो तोच मेव्हिस आली, डोळे लाल. "वाजवणार असाल तर मयताच्या वाजवा. नाहीतर मी आज येत नाही आणि उद्याही येत नाही." हे टेडच्या कानावर गेलं. तो म्हणाला, "मयताच्या वाजवल्या, तर मीही उद्या येत नाही."

उद्या म्हणजे कधी? टॅम्सिनच्या लग्नाला. ती संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात केसांना रोलर लावून बसली होती. म्हणाली, "नॅना, घंटा नसल्या तर मला लग्न झाल्यासारखं वाटणारच नाही. मी काय, पत्त्याचा अड्डा उठला तशी बाहेर पडू?" मी तिला काय सांगणार? सहातले दोन गेल्यावर उरलेल्या चौघांनी कसली मंगल वाजवण करायची?

तेव्हा विल्फनं काय केलं? भाषण केलं नाही, समजूत घातली नाही. कपाटातून कातडी टोपडी काढली. घंटेच्या लोलकाला एका अंगानं चामड्याचं टोपडं पट्ट्यानं बांधतात, मयताला बांधतात तसंच. मग एक टोला उघडा पडतो, ठणठणीत, आणि परतीचा टोला झाकलेला, विहिरीतून आल्यासारखा. ती बांधून झाल्यावर तो टेडला म्हणाला, "तुझ्यासाठी वाजवतोय." आणि मेव्हिसला म्हणाला, "टोपडी बांधलीत." दोन्ही खरं होतं. मग दोघांना एकदम म्हणाला, "आज तुमची. उद्या टॅम्सिनची."

आले दोघेही. लहान घंटा माझी, ती पहिली वाजते, म्हणून सुरुवातीची ललकारी माझी. "सांभाळा! ही निघाली... ही गेली!" पहिला टोला उघडा. टेडच्या चेहऱ्यावर नाताळ म्हणावा असं हसू. दुसरा झाकलेला. मेव्हिसनं डोळे पुसले, दोरी न सोडता. असं आम्ही वाजवत राहिलो, एक याचा, एक तिचा. बाहेर गावाची तारांबळ. पबमधला बार्नी ग्लास हातात घेऊनच धावत आला, "कोण गेलं? कोण गेलं?" कॉलिन पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, "नक्की सांगता येत नाही."

आता चूक. ही चूक घंटावाल्यांनाच करता येते. दुसऱ्या दिवशी लगेच लागणार म्हणून आम्ही घंटा वर तोंड करूनच उभ्या ठेवल्या. तशा उभ्या असताना वर माणूस जाऊ शकत नाही. घंटा हलली तर डोकं जागेवर राहत नाही. आधी त्या ओढून उतरवायच्या, म्हणजे तोंडं खाली आणायची, मग शिडीनं वर जाऊन टोपडी काढायची आणि पुन्हा चढवायच्या. विल्फ म्हणाला, "सकाळी कुणीतरी हे करा." कुणीतरी! टेड म्हणाला, टोपडी जिला हवी होती तिनं काढावी. मेव्हिस म्हणाली, घंटा ज्याला हव्या होत्या त्यानं बघावं. म्हणाले ते मनात. शनिवारी दोघंही नटूनथटून आले, घंटा उभ्या बघितल्या, आणि प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं काम उरकून परत चढवलेल्या दिसतात.

टॅम्सिन नवऱ्याच्या हातात हात घालून दारातून बाहेर आली. मी लग्नाची टोपी घालूनच दोरी धरली होती. त्या फळीवरचा दंड माझ्यावर अजून बाकी आहे. "ही निघाली... ही गेली!"

ठण्ण. आणि मग धुप्प.

नातीच्या लग्नाला मयताच्या घंटा! उघड्या दारातून मला दिसत होतं, नवऱ्याची आई कपाळाला हात लावून खाली बसली. फोटोवाल्यानं टोपी काढून छातीशी धरली. बार्नी पुन्हा धावत आला. आणि टॅम्सिन? टॅम्सिननं मागे वळून आमच्याकडे बघितलं. रडली नाही. तिनं बूट काढले, गवतावर बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "थांब. वाजवतील ते."

विल्फ एवढंच म्हणाला, "उतरवा."

घंटा एकत्र उतरवणं हे चढवण्यापेक्षा अवघड. सहाही जणांनी एकमेकांचा श्वास ऐकावा लागतो, टोले जवळ जवळ येत जातात, एक जण चुकला की सगळ्यांचं बिनसतं. त्या दिवशी टेड मेव्हिसच्या दोरीकडे बघत होता आणि मेव्हिस टेडच्या. एकही टोला पुढेमागे झाला नाही. आमच्या मंडळींनी इतकं सुरेख कधी वाजवलं नव्हतं, आणि वाजवलं ते मयताचं.

मग दोघं शिडीनं वर गेले. टेडचा भाड्यानं आणलेला सूट, मेव्हिसचा फिकट निळा. वरच्या भोकातून आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"हा पट्टा एवढा आवळला कुणी?"

"बाहेर पडायची घाई होती त्यानं."

"तो पाना दे. पाना गं, भाषण नको देऊस."

"तूच धर. आणि कबुतराच्या घाणीत बसलायस."

"मग कुठे बसू? तुझ्या संघात?"

"जागा होती, टेड. तूच उठलास."

मग एकामागून एक पट्टे सुटल्याचे आवाज. खाली आले तेव्हा दोघंही तेलानं काळे. मेव्हिसच्या निळ्या कपड्यावर टेडच्या पंजाची खूण होती, शिडी उतरताना धरल्याची. ती अजून गेलेली नाही, मी विचारलं होतं.

पुन्हा चढवल्या. पुन्हा वाजल्या, दोन्ही टोले उघडे, आणि टॅम्सिन अनवाणी उठली आणि चर्चच्या वाटेनं अशी चालत गेली की विचारू नका. मी तिला धड पाहिलं नाही. मी दोरी बघत होते.

तर मंडळी, विल्फनं भांडण मिटवलं, असं कुणी म्हणाल तर ते खोटं आहे. भांडण चालू आहे, तुम्ही दारात ऐकलंत. नवा म्होरक्या कोण, हाही प्रश्न आहेच. मतदान घेऊ नये, असं मात्र आम्ही सर्वांनी हात वर करून ठरवलं. तोवर शिडीच्या दाराची किल्ली माझ्याकडे. विल्फला विचारलं, तिकडे स्कॉटलंडमध्येही राहायचं की सुटायचं असं पुन्हा विचारतील म्हणतात, तू काय करशील? तो म्हणाला, "घरून पेन नेईन."

सहाव्या दोरीला माणूस हवाय. टॅम्सिनच्या नवऱ्यानं प्रयत्न केला, पण तो पहिल्याच दिवशी दोरीबरोबर छताकडे निघाला. रेडिएटरला टेकलेले, हसू नका, मी तुमच्याकडेच बघतेय.

अध्यक्षमहाशयांनी दोनदा घड्याळ पाहिलं, ते मी पाहिलं. हॉल उघडणाऱ्यांचे आणि लॉरीत बसणाऱ्यांचे, दोघांचेही आभार. पाद्रीबाईंनी मला उभं केलं, त्याचं पाप-पुण्य त्यांचं. बोलण्याच्या ओघात कुणाचा टोला चुकला असेल, कुणाला लागला असेल, तर म्हातारीची दोरी सुटली समजून पोटात घाला. विल्फ, ऑड्री, सांभाळून जा. तुम्ही शब्द दिलाय तो मी सगळ्यांदेखत सांगून ठेवते, म्हणजे मोडता येणार नाही. ऑक्टोबरचा दुसरा रविवार, बाळाचं नामकरण, तुम्ही दोघं येणार. तोवर सहावी दोरी ओढायला कुणी आलं नाही तर ती विल्फ, तुझ्यासाठी बांधून ठेवू. टेड आणि मेव्हिस आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, किल्ली मागायला माझ्याकडे येणार आहेत. दोघंही. मी दोघांनाही निरनिराळं विचारलं, आणि दोघंही म्हणाले, टोपडं राहिलं नाही ना, ते वर मी स्वतः चढून बघणार.