अबेबा रविराज ढोमसे

नवसाबाई : परत एकदा म्हण बरं.

सृष्टी : अबेबा.

नवसाबाई : हे नाव हाय का भांडण हाय? ‘अबे बा, गाडी बाजूला घे!’ असं कोनी रस्त्यात वरडल्यागत वाटतंय.

तेजल : आई, हसवू नकोस गं, सुई बोटात गेली माझ्या. या पाळण्याच्या झालरीला उद्या सकाळच्या आत गोंडे लागले पाहिजेत.

सृष्टी : आई, त्याचा अर्थ फूल. इथिओपियाच्या भाषेत.

नवसाबाई : मंग आपल्याकडं फुलांचा दुष्काळ पडला का? शेवंता हाय, जाई हाय, जुई हाय. माझ्या चुलतसासूचं नाव गुलाबबाई व्हतं. तिला कव्हा कोनी अर्थ इचारला नाय.

तेजल : मग गुलाबच ठेवू. नाहीतरी बाप तिकडे गुलाबच पिकवतोय. साऱ्या जगाच्या व्हॅलेंटाइनला फुलं पुरवतो आणि स्वतःच्या पोरीच्या बारशाला सुट्टी मिळत नाही.

सृष्टी : ताई, चौदा फेब्रुवारीपर्यंत फुलांच्या फार्मवर कुणालाच सुट्टी नसते. पंधराला निघतायत ते.

तेजल : माहितीये गं. तुझ्या नवऱ्याला नाही, माझ्या भावाला बोलतेय मी. तेवढा हक्क आहे माझा.

नवसाबाई : तुझा हक्क उद्या दाव. आत्या तू हाय. तिच्या कानात नाव तुला सांगायचंय.

तेजल : तीच तर भीती आहे. साधं नाव सांगितलं तरी बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. हे नाव ऐकून दुप्पट घालतील. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या, अबेबा घ्या!’

सृष्टी : तुम्ही दोघी मिळून माझी थट्टा करताय.

तेजल : दोघी नाही. मी तुमच्या दोघींची करतेय. आई, तू सुचवलेलं काय होतं? अन्नपूर्णा ना?

नवसाबाई : काय वाईट हाय?

तेजल : अन्नपूर्णा ढोमसे. आमच्या गंगापूर रोडवर लोक डबा सांगायला येतील.

नवसाबाई : गुरुजींनी ‘अ’ अक्षर काढून दिलं म्हणून म्हणले.

सृष्टी : अबेबासुद्धा ‘अ’वरूनच आहे की, आई.

नवसाबाई : गुरुजींना काय ठावं, तू ‘अ’ला धरून पार आफ्रिकेत जाशील!

तेजल : पण आई, एक खरं सांगू? माझ्या वर्गात दोन कियारा आहेत, एक मायरा, एक कियान. हजेरी घेताना मला कळत नाही, शाळा नाशिकात आहे की विमानतळावर. त्यांना कुणी विचारत नाही, बाई हे नाव कुठल्या देशाचं.

नवसाबाई : ते ऐकायला तरी बरं वाटतं.

तेजल : गोऱ्या देशाचं वाटतं म्हणून बरं वाटतं. हे काळ्या देशाचं पडलं.

नवसाबाई : उगा मास्तरीणपणा नको करू. मी काय गोरी हाय का? आन् तुझ्या अण्णांना काय सांगायचं? ते उद्या तोडणीवरची माणसं सोडून निफाडहून येणार. नातीचं नाव इचारतील.

तेजल : अण्णांना सांगू, द्राक्षाची नवी जात आहे. नाव लगेच आवडेल. वर विचारतील, गोडी किती उतरते?

नवसाबाई : वाटच बघ तू. मार खाशील. सृष्टी, तू सांग. ही अबेबा म्हंजे तीच ना गं? फोनमंदी दिसायची ती? उंच, पांढऱ्या वढणीवाली?

सृष्टी : तीच. आमच्या शेजारची. फार्मवर पॅकिंगच्या बायकांवर देखरेख करते.

नवसाबाई : लाजाळू हाय लय. मी काय बी बोलले की म्हणायची, इश्श, इश्श.

सृष्टी : आई, ती लाजत नव्हती. ‘इशी’ म्हणायची. त्यांच्याकडे ‘बरं, बरं’ म्हणायचं असलं की इशी म्हणतात.

नवसाबाई : म्हंजे मी एवढी बोलले तिच्यासंगं, आन् ती नुसती बरं-बरं करीत व्हती?

तेजल : शहाणी बाई. आम्हीपण तेच करतो.

नवसाबाई : तू गप. ह्या सृष्टीच्या मनात काय हाय ते मला कळतं. नाव हे निमित्त हाय.

सृष्टी : निमित्त कशाचं?

नवसाबाई : तिकडं जायचं. रवी गेला तव्हा म्हणला, जरा अनुभव घेतो, आन् येतो. मंग लग्न झालं, तुला घेऊन गेला. आता पोरगी. तिचं नाव तिकडचं, पाणी तिकडचं, शाळा तिकडची. मंग आमचं काय राहिलं तिच्यात? नाक?

तेजल : आई...

नवसाबाई : नाय, बोलू दे. जूनमंदी निघणार हाय ना तुम्ही? तू फोनवर रवीसंगं बोलत व्हतीस, मी ऐकलं. मला काय कोनी सांगितलं नाय.

सृष्टी : ते आल्यावर आम्ही दोघं मिळून सांगणार होतो. खरं आहे, आई. जूनमध्ये जायचंय. अजून दोन वर्षं. त्याच्यापुढे नाही.

नवसाबाई : दोन वर्सं. पोरगी बोलायला लागायची तवर. आजी म्हणायची का काय म्हणायची कोनास ठावं.

सृष्टी : म्हणूनच राग आलाय ना नावाचा?

नवसाबाई : राग नाय. पोरगी तिकडंच वाढायची असंल, तर निदान हाक तरी आपली राहू दे, एवढंच म्हणते. बाकी सगळं त्यांचंच की.

सृष्टी : बरं. तुम्ही नको म्हणालात तर नाही ठेवणार. उद्या तुम्ही म्हणाल ते नाव. फक्त एक ऐकून घ्या. अबेबालाही मुलगी झालीय, तीन महिने झाले.

नवसाबाई : झाली का? बरं झालं. तू सांगितलं नाय.

सृष्टी : सांगायला घाबरत होते. तिचं नाव काय ठेवलंय ते विचारा.

नवसाबाई : काय?

सृष्टी : नवसा.

(नवसाबाईंच्या हातातलं टोपडं मांडीवर राहतं.)

तेजल : काय सांगतेस!

नवसाबाई : कोनाला इचारून?

सृष्टी : कुणालाच नाही. चुकलंच माझं.

नवसाबाई : माझं नाव? आगं, त्या नावापायी मी काय कमी सोसलं? शाळेत पोरं मागं लागायची, हौशे, नवसे, गवसे! लग्नात ह्यांच्या आईनं बदलून सुमन ठेवलं. मी म्हणले, सुटले बाई. पण माझी मोठी जाऊ पडली माझ्या माहेरच्या गावची. तिनं पहिल्याच दिवशी वट्यावरून हाक मारली, नवसाबाई! झालं. सुमन त्या दिवशीच मेली.

तेजल : मला आत्ता कळतंय, माझ्या आईचं नाव कागदावर सुमन का आहे ते.

नवसाबाई : आन् ह्या नावाला कोनी मागितलं? जिथं माझं नाव कोनाला ठावं नाय, तिथं?

सृष्टी : तिची आधीची दोन मुलं राहिली नव्हती, आई. एक पोटात, एक जन्मल्यावर आठवड्यात. या वेळी ती दिवस मोजतच नव्हती. कुणी विचारलं तर पोटावर ओढणी ओढायची. माझंही पोट तेव्हा दिसायला लागलं होतं. मी तिच्याकडे जाऊन बसायची. ती कॉफीच्या बिया भाजायची, मी त्या धुरात बसायची. बोलायला भाषा अर्धी तिची, अर्धी माझी, उरलेली हाताची.

नवसाबाई : मंग?

सृष्टी : एक दिवस ती खूप रडली. म्हणाली, हेही राहणार नाही. मला काही सुचेना, म्हणून तुमची गोष्ट सांगितली. माझ्या सासूच्या आधीची चार भावंडं गेली. मग तिच्या आईनं वणीच्या देवीला नवस केला, आणि ही जन्मली. आणि ही राहिली.

नवसाबाई : सगळं सांगितलं?

सृष्टी : सगळं. म्हटलं, नुसती राहिली नाही, चौसष्ट वर्षांची आहे. पहाटे उठून सगळ्या घराला उठवते. द्राक्षाच्या बागेत सासऱ्यांच्या आधी पोचते. आणि रोज फोनवर मला रागावते की तू तूप खात नाहीस.

तेजल : म्हणजे हुबेहूब वर्णन केलंस.

सृष्टी : ती रडता रडता हसायला लागली. म्हणाली, नाव काय तिचं? मी सांगितलं. तिनं दोन-तीनदा म्हणून पाहिलं. आणि म्हणाली, मुलगी झाली तर हे मला दे. जी राहते तिचं नाव. मी म्हटलं, सासूबाईंना विचारून सांगते.

नवसाबाई : मंग इचारलं का नाय?

सृष्टी : तुम्ही नाही म्हणाला असतात तर तिला काय सांगितलं असतं?

नवसाबाई : ...खरं हाय. नायच म्हणले असते. म्हणले असते, चांगलं काय तरी ठेव की.

तेजल : आणि मग तू त्या बदल्यात तिचं नाव...

सृष्टी : बदल्यात नाही, ताई. तिनं मागितलं नाही. तिला माहीतही नाही. इकडे यायला निघाले तेव्हा ती गाडीपर्यंत आली. तिचे दिवस भरत आले होते, नीट चालवतही नव्हतं. माझी पिशवी तिनंच उचलली, मी ओढत होते तरी सोडेना. मला आई नाही, तुम्हाला माहीतच आहे. तिकडे माझ्या पोटावर हात ठेवून बाळ फिरतंय म्हणून सांगणारी तीच होती. एवढंच.

नवसाबाई : पोरगी कशी हाय तिची?

सृष्टी : छान आहे. गुबगुबीत.

नवसाबाई : दूध पिते ना नीट? रात्रीची रडती का?

सृष्टी : रडते म्हणे. अख्ख्या वसाहतीला उठवते.

तेजल : मग काय, नावाचा गुण.

नवसाबाई : फोटो हाय का?

सृष्टी : हा बघा. हा कालचाच.

नवसाबाई : आगं बाई. केस बघ किती! डोळे तर बघ, टकामका बघतीया. काजळ नाय लावत व्हय तिकडं? कोनाची नजर लागंल. सांग तिला, काळा टिक्का लाव म्हणावं, गालाला, नाय तर तळपायाला. आन् काय म्हणून हाक मारतात गं? नवसाबाई?

सृष्टी : नाही हो. नुसतं नवसा.

नवसाबाई : नुसतं नवसा.

सृष्टी : हो. अबेबा तर दिवसभर. दारातून, आतून, मागून. नवसा, नवसा.

तेजल : आई? काय झालं गं?

नवसाबाई : काय नाय. मला नुसतं नवसा म्हणणारी माझी आई व्हती. ती गेली त्याला जमाना झाला. त्यानंतर बाई, काकू, आई, आजी. नुसतं नवसा कोनी म्हणलं नाय. ...आन् आता कुठं दूर देशात एक आई दिवसभर तेच नाव घेती. गंमतच हाय.

तेजल : मग उद्या मी कानात काय सांगू? अन्नपूर्णा?

नवसाबाई : तू म्हणतीस ते खरं हाय. डबेवालीचं वाटतं.

सृष्टी : आई, माझ्यासाठी म्हणून नको हं. मनाविरुद्ध नको.

नवसाबाई : तुझ्यासाठी कशाला? तिकडं माझं नाव ठेवून घेतलं, तर त्यांचं एक इकडं नको का? आपल्यात कोनाची वाटी रिकामी पाठवतात का? गाव काय, आठ दिवस हसंल. मंग त्यांची बी जीभ वळंल.

तेजल : निफाडमध्ये आठव्या दिवशी ‘आबी’ होईल तिची.

नवसाबाई : होऊ दे. आबी तर आबी. पण एक सांगते सृष्टी, तिकडं गेल्यावर माझ्या नातीला तिच्या नवसाच्या शेजारी बसवायचं, आन् मला रोज दोघी दाखवायच्या. दोघींना मराठी शिकवायची. ती इशी-बिशी नको.

सृष्टी : इशी, आई.

तेजल : बघ, बाळ उठलं तुझ्या आवाजानं. थांब, मी घेते.

नवसाबाई : राहू दे, माझ्या हाताशी हाय. ये गं, ये. उठली का माझी अबेबा?

तेजल : आई! अगं, बारसं उद्या आहे. आत्याच्या आधी नाव घ्यायचं नसतं!

नवसाबाई : हळूच म्हणले. तिच्यापुरतं.