सुहाच्या भाषणातला रायगड

नाय मॅडम, चहा नको. बसते, पण चहा नको. मी एवढंच सांगायला आले की शुक्रवारच्या भाषणाच्या फायनलमधून आमच्या सुहाचं नाव काढा — अहो, पहिल्या फेरीत पहिली आली, माहितीय मला, मीच तर पाठ करून घेतलं. नऊ वर्षांची पोर, मराठीत विचारलं तर इंग्लिशमध्ये उत्तर देते, अख्खं भाषण इंग्लिश अक्षरांत लिहून घेतलंन आणि धडाधडा बोलली. तुमच्या बहरीनच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष रुमाल काढून बसले. तेच तर वाईट झालं. ते रडले नसते तर मी कशाला माहूजला तुमच्या घरापर्यंत आले असते?

कारण? कारण तिची परीक्षा — बरं, परीक्षा नाय. असं बघू नका हो. भाषण माझं नाय. म्हणजे कुठल्याच आईचं स्वतःचं नसतं म्हणा, बाकीच्यांनी मोबाइलवरून उतरवलं, मी पुस्तकातून उतरवलं. तुमचा विषय ‘देशासाठी त्याग’ — मी सातवी शिकलेली, मी त्याग कुठून आणू? घरात मराठी पुस्तक एकच, ते पण रिबकामावशीचं. रेवदंड्याला आमच्या शेजारी राहायच्या. यहुदी. हो, आमच्याकडे होते की, शनवार तेली म्हणायचे लोक, शनिवारी तेलाचा घाणा बंद म्हणून — बोलायच्या आमच्यासारखंच, मच्छी आमच्यासारखीच, फक्त कोळंबीला हात नाय लावायच्या. पुस्तकाचं कव्हर फाटलेलं, पुढाऱ्याचं नाव त्याच्याबरोबरच गेलं. यहुद्यांचा कोणीतरी मोठा पुढारी, आपलं राज्य आपण उभारू, त्यासाठी जीव देऊ, अशी जुनी भाषणं, कोणीतरी मराठीत केलेली. वाचलं आणि म्हटलं, अरे, हे तर आपलं झेंडावंदन! तीच माती, तेच रक्त, तीच माता — नावं तेवढी बदलायची.

मग बदलली. यरुशलेम होतं तिथं रायगड घातला. यहुदी होतं तिथं मराठी. ‘दोन हजार वर्षं परक्यांच्या दारात उभे आहोत’ असं होतं, दोन हजार मला जरा जास्तच वाटली, मी वीस केली — तिथंच रडले ना अध्यक्ष? त्यांना बहरीनला बावीस झाली.

हसा तुम्ही. शुक्रवारी सीफच्या हॉटेलात मुंबईचे प्रोफेसर येणार परीक्षक म्हणून, इतिहासाचे. त्यांना नाय कळणार? आणि सुहाच्या अब्बांनी जनाबियाला ज्यांची गाडी चालवतात त्या मालकांना आमंत्रण देऊन ठेवलंय, ड्रायव्हरची पोर बोलते म्हणून खूश झालेत मालक. उद्या प्रोफेसर माइकवर बोलले की हे अमक्याचं भाषण — मालकांसमोर ह्यांनी तोंड कुठं लपवायचं? व्हिसा त्यांच्याच हातात. ह्यांना माहीत नाय अजून. तुम्हीच पहिल्या.

पण नुसतं तेवढंच असतं ना, तर अजून चार नावं बदलली असती मी. त्या पुस्तकात एक ओळ आहे — ‘आई, मला अडवू नकोस’ — तिच्याखाली पेन्सिलीच्या रेघा. एलीच्या. मावशीचा एकुलता एक, एकोणिसाव्या वर्षी तिकडे यहुद्यांच्या देशात निघून गेला, देशाला रक्त देतो म्हणाला. रक्त कोणी मागितलंनच नाय! बेकरीत लागला. पोट सुटलंय, तीन पोरं, फोटो यायचे. चांगलंच झालं, मी काय वाईट बोलत नाय — पण मावशी फोन वाजला की पिठाच्या हातांनी धावायच्या, आणि असायचा कोण, तर गॅसवाला. गेल्या तेव्हा डोळे माझ्या अम्मीने मिटले. मग त्याग कोणाचा झाला, मॅडम? मी शोधलं पुस्तकात. आयांवर एक ओळ आहे. ‘धन्य त्या माता.’ खलास. पुढच्या ओळीत परत रक्त. आणि हा पुढारी स्वतः बघा, एवढी लांब भाषणं करणारा माणूस, आयुष्य पण लांबच असणार. गादीवर गेला असणार, सून पाय दाबत असेल.

काल सुहा जेवता जेवता म्हणते, ‘मम्मी, आय विल गो टू.’ म्हटलं, कुठं गं? ‘आय डोन्ट नो. बट डोन्ट स्टॉप मी.’ तोंडात घास, आणि आवाज तोच, स्टेजवरचा. माझा हात आमटीतच राहिला.

अम्मी? आहे ना, रेवदंड्याला. एकटीच. — नाय, ते वेगळं. आम्ही पोटासाठी आलो, भाषण ऐकून नाय आलो. फोन करते मी. रोज नाय... करते. विषय तो नाय.

दुसरं भाषण? तुमच्याकडे छापलेलं आहे? आपल्याच पुढाऱ्याचं? मग आधी नाय का द्यायचं! आणा, वाचते... ‘बंधूंनो आणि भगिनींनो’... बरं आहे... ‘ही भूमी आज’... हं... ‘मातांनो, तुमच्या पोटचे गोळे’ — मॅडम, हा तर तिसऱ्याच ओळीत पोरं मागतोय.

घ्या तुमचा कागद. शुक्रवारी सुहाला ताप येणार आहे. हो, आजच सांगून ठेवते. लिहून घ्या, म्हणजे तुम्हाला पण धावपळ नको. चांगला एकशे दोन येईल, इंशाल्ला. — नका उठू, दार मी ओढून घेते.