पाट्यांना तेल

मिऱ्याच्या रस्त्यावरच्या गॅरेजात माझ्या स्कूटरचं पंक्चर निघत होतं. बाकावर बसल्या बसल्या, पलीकडे एका जुन्या मोटारीपाशी मेकॅनिक आणि साठीची, मच्छीमार घरातली एक खारवीण बोलत होती, ते कानावर आलं.

“काकी, शाफ्टला जोडणारं रबर परत फाटलं. दिवाळीला तर नवीन घातलं होतं मी.”

“म्हणून गाडी हादरत होती?”

“म्हणूनच. हात लावून बघा, कसं फुगून मऊ पडलंय. ह्याला तेल कोण लावतं?”

“मी. दर रविवारी.”

“कसलं तेल?”

“होडीला लावतो तेच. खाऱ्या हवेत ठेवलेल्या वस्तूला तेल नको?”

“लोखंडाला हवं, काकी. रबर तेलानं खराब होतं.”

“आमचे हे लावायचे ना! रविवार आला की डबा घेऊन गाडीखाली शिरायचे. ते गेल्यापासून मी शिरते.”

“काका रबराला नव्हते लावत.”

“मग कशाला?”

“पाट्यांना. मागच्या चाकांपाशी ह्या लोखंडी पट्ट्या आहेत ना, त्यांना.”

“मी आपली दारातनं हाका मारायचे, जेवण निवतंय म्हणून. खाली वाकून कधी बघितलंच नाय रे.”

“असू दे. नवीन रबर टाकतो. पण तेल आता बंद.”

“बंद?”

“म्हणजे, रबराला.”

“मग सरक जरा. पाठीखाली घालायला गोणपाट हाय काय?”

“अहो काकी, लुगडं खराब होईल...”

“होऊ दे. ते कुठे लावायचे, तेवढं दाखव मला.”