चारशे अडतीस ओहम

हॅलो?… हो, मीच. बोल छोटी… अगं हळू, इथे मशीनचा आवाज आहे. थांब, कोपऱ्यात येते… हं. बाबांना काय झालं?

फोड? दोन्ही पायांना?… आणि त्यांना कळलंच नाही. कसं कळणार, साखरेने पावलांची जाणीवच गेलीय… डॉक्टर काय म्हणाले?… भाजल्याचे आहेत. बरं. घरीच ठेवायचं, रोज पट्टी बदलायची. हं.

कोणी भाजलं म्हणजे?… मावशींनी? बाबांना सांभाळणाऱ्या आपल्या मावशींनी?… तू पाहिलंस का?… गरम पाण्याची पिशवी ठेवली असणार. 'असणार' म्हणजे पाहिलं नाहीस… काय सापडलं? भाजल्यावरचं मलम? तू त्यांच्या सामानात हात घातलास?… मग त्या काय म्हणाल्या?… सकाळी फोड दिसले म्हणून दुकानातून आणलं. असेल की खरं… हो, लपवायलाही आणलं असेल. मी कुठे नाही म्हणतेय. मलाही त्या जरा जास्तच गप्प वाटतात.

मावशींना पाठवणाऱ्या संस्थेचे साहेब आलेत? कशाला?… लेखी तक्रार? सही केलीस?… नाही ना, मग पेन खाली ठेव. अगं, तो कागद गेला की त्या बाईला कुठल्याच घरात काम मिळणार नाही… हो, हो, बाबा माझेही आहेत. ऐक ना, फोड नक्की कुठे आहेत?… टाचांना आणि पोटऱ्यांच्या मागे. दोन्हीकडे सारखेच?… पिशवीने असं होत नाही छोटी. पिशवी एका जागी भाजते. हे तर बाबांचे पाय शेकायच्या हीटिंग पॅडवर जिथे टेकतात, तिथलंच सगळं दिसतंय.

पॅड कुठाय?… कपाटात. काढ आणि खुर्चीवर पसर. मी दिलेलं वीज मोजायचं मीटर शोध, भिंतीच्या प्लगमध्ये लावायचं, फ्रिजच्या मागे असेल… अगं, दिवसभर हीटरच तपासते मी इथे, माझं ऐक. साहेबांना चहा दे तोवर.

मिळालं? मीटर लाव, त्यात पॅडची पिन… वरचा आकडा सांग. दोनशे अठ्ठावीस. ते व्होल्ट. आणि खालचा?… शून्य पूर्णांक बावन्न अँपिअर? एवढा करंट? नीट बघ… काढून परत लाव… परत बावन्न. हं.

पॅडच्या चिठ्ठीवर काय छापलंय?… दोनशे तीस व्होल्ट, साठ वॅट. आता मोबाइलवर गणित कर. साठ भागिले दोनशे तीस… शून्य पूर्णांक सव्वीस. त्याने एवढाच करंट घ्यायला हवा. घेतंय दुप्पट… आता तुझे दोन आकडे गुण, व्होल्ट आणि अँपिअर… एकशे अठरा आणि वर काहीतरी. हे वॅट. साठचं पॅड एकशे अठराने तापतंय.

मीटर खोटं बोलत असेल?… असेलही. माझाही लगेच विश्वास बसत नाही. बाबांच्या टेबलावरचा दिवा लाव त्यात. बल्ब किती वॅटचा?… शंभरचा. आकडा?… शून्य पूर्णांक त्रेचाळीस. शंभरला तेवढाच यायला हवा. मीटर बरोबर आहे.

आता पॅडचे व्होल्ट भागिले अँपिअर… चारशे अडतीस. तो आतल्या तारेचा रोध, म्हणजे ती करंट किती अडवते ते, ओहममध्ये. नवीन पॅडचा आठशे ऐंशीच्या आसपास हवा… म्हणजे असं बघ, तार लांब असेल तर रोध जास्त. इथे रोध निम्मा उरलाय, म्हणजे निम्मी तारच आत नाही… नाही, तार आपोआप आखूड होत नाही. कोणीतरी कापून जोडलीय.

मावशींनी? त्या कशाला पॅड फोडतील?… बरं, कडेची शिवण बघ. उसवून परत घातलीय का?… हातशिलाई की मशीनची?… मशीनची. त्या घरात शिवणमशीन कोण चालवतं?… छोटी?… तूच ना?

कधी?… मागच्या आठवड्यात. हं… बंद पडलं होतं. तार जळालेली दिसली, तो सगळा भाग कापलास, टोकं पिळलीस आणि चिकटपट्टी लावलीस… लाल दिवा लागला म्हणून वाटलं झालं. त्या कापलेल्या तुकड्यात बारकी डबी होती का?… होती. जास्त तापलं की बंद करणारी होती ती.

मला का नाही विचारलंस?… मी ओरडते म्हणून. हो, ओरडते… रडू नकोस. बाबांना थंडी वाजत होती, तू त्यांच्यासाठीच केलंस, कळतंय मला. पण एक सांग, आणि खरं सांग. मावशींचं नाव घेताना हे तुझ्या मनात आलं होतं?…

थोडंसं. बरं. बोललीस ते बरं झालं.

पिन काढलीस ना प्लगमधून? आधी ती काढ… आता बाहेर जा… नाही, मी नाही सांगणार साहेबांना. मी सांगितलं तर ते थोरल्या बहिणीने सांगितलं होईल. तू सांग, साहेबांसमोर, तुझ्या नवऱ्यासमोर, ज्यांच्यासमोर मावशींना बोललीस त्या सगळ्यांसमोर. फोन हातातच राहू दे. मी ऐकतेय.

…हं… हं, पुढे… सामान तपासलंस तेही… हं.

साहेब काय म्हणाले?… कागद फाडला. आणि मावशी?… आत गेल्या? सामान घ्यायला?… बघ ना जरा, दारातून बघ…

बाबांची पट्टी बदलतायत. बरं… बरं. मी सुट्टी टाकून निघते, दुपारपर्यंत पोहोचते. तू जा आत, कापसाची वाटी धर मावशींसमोर, काही लागलं तर दे. ठेवते.