जगबुडीच्या पुस्तकाने आणलेलं हसू

दवाखान्यात औषधांच्या रांगेत माझ्यापुढे भाऊ-बहीण उभे होते.

"दादा, आईचं ऑपरेशन नीट पार पडलं. मग तू तोंड पाडून का बसलायस सकाळपासून?"

"मी बाहेर बाकावर ते जगबुडीचं विनोदी पुस्तक वाचत होतो ना. जग बुडवायचा दिवस उजाडतो आणि देवांच्या कचेरीत शिक्काच सापडत नाही. बुडायला आलेल्या सगळ्यांना सांगतात, उद्या या. मला असं हसू फुटलं की बाक हलला."

"मग त्यात काय एवढं?"

"नेमके तेव्हाच डॉक्टर समोरच्या बाईंना सांगत होते, तुमचे मिस्टर गेले म्हणून."

"अरे देवा!"

"मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. तासाभराने धीर करून माफी मागायला गेलो. तर म्हणाल्या, काय होतं हो एवढं हसण्यासारखं?"

"सांगितलंस की काय?"

"खोटं काही सुचेचना. शिक्क्याचं सगळं सांगून टाकलं."

"चिडल्या असतील."

"चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फसकन हसल्या. आणि लगेच दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं."

"अरे, मग चांगलंच झालं की. घटकाभर हलकं वाटलं असेल बिचारीला."

"त्यांच्या सासूबाई मागेच उभ्या होत्या गं, मुलाचा चष्मा हातात घेऊन. आणि त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. सुनेकडे बघत होत्या."